तूर विकायची कुठे? गावचा व्यापारी, बाजार समिती की हमीभाव केंद्र

दोन-तीन एकरांच्या कास्तकाराची तूर बहुतेक कापसात नाहीतर सोयाबीनमध्ये तासं टाकून घेतलेली असते. माल निघतो दोन ते पाच क्विंटल. एवढ्याशा मालाला कोणता दरवाजा परवडतो, हे भावफलकावरून कळत नाही. सगळा खर्च वजा जाऊन हातात काय पडतं, ते मांडावं लागतं.

गावचा व्यापारी खळ्यावर येतो, बारदाना त्याचाच, पैसे नगदी. खोट असते ती काट्यात. 50 किलोच्या कट्ट्यामागे किलोभर कटती, म्हणजे वजनातली कपात, सर्रास धरली जाते. समजा, त्याचा भाव क्विंटलला 6800 आणि बाजार समितीत 7100. गाडीभाडं 800, हमाली-तोलाई क्विंटलला 25 धरा. पाच क्विंटलला व्यापाऱ्याकडून 33,320 येतात, समितीतून 34,575. फरक सव्वा हजाराचा. तोच माल दोन क्विंटल असेल तर 13,328 आणि 13,350, म्हणजे बावीस रुपयांसाठी दिवस मोडायचा. शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी केली तर गणित फिरतं, म्हणून भाडं आधी वाटून घ्यावं.

अकोल्यात दालमिल भरपूर, त्यामुळे तिथे तुरीला खरेदीदार जास्त. पण हर्रासात, म्हणजे लिलावात, भाव पडतो तो मालाच्या तोंडाकडे पाहून. लाल आणि पांढरी तूर एकत्र ओतली की सगळा ढीग हलक्या भावात जातो. मातेरं घरीच चाळून काढा. समितीत चाळणी लागली तर मजुरी आणि घट दोन्ही आपल्याच माथी. मळणी यंत्राचा ड्रम जोरात फिरवला की वाळलेली तूर फुटते आणि डाळ झालेले दाणे ढिगात दिसतात, तिथेही भाव कापला जातो. ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. दाणा दाताखाली धरल्यावर कट्कन फुटला पाहिजे. दबला तर ताडपत्रीवर आणखी दोन उन्हं द्या. बोली पटली नाही तर ढीग न देण्याचा हक्क कास्तकाराचा आहे, तो वापरायला लाजू नये. हिशोबपट्टी घेतल्याशिवाय तर हलूच नये.

हमीभाव केंद्राचा भाव सगळ्यात देखणा: 2025-26 हंगामासाठी क्विंटलला 8000 रुपये. पण आधी नोंदणी करा, सातबारा द्या, मग माल आणायच्या मेसेजची वाट पाहा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवताना, फक्त कापूस नोंदवला आणि आंतरपीक तूर राहून गेली, तर तिथेच गाडी अडते. जिल्ह्याच्या हेक्टरी उत्पादकतेपुरताच माल घेतात, वरचा परत आणावा लागतो. पैसा खात्यात येईपर्यंत थांबता येत असेल त्यालाच हे केंद्र सोयीचं. मार्चात उसनवारी फेडायची आहे त्याला नाही.

अशा वेळी शेतमाल तारण योजना, म्हणजे माल गहाण ठेवून कर्ज घेणं, आठवावी, मात्र ती आपली समिती राबवते का, ते आधी विचारा. किमतीच्या 75 टक्के कर्ज, वर्षाला 6 टक्के व्याज, मुदत 180 दिवस. 7100 च्या भावाने पाच क्विंटलवर 26,625 मिळतात. तीन महिन्यांचं व्याज साधारण 400. म्हणजे भाव क्विंटलमागे 80 रुपयांहून जास्त वाढला तरच थांबणं पुरतं. माल कडक वाळवूनच ठेवा, ओल्या तुरीला भुंगा लवकर लागतो.