जुन्या एक्सपी आणि सेव्हनच्या मशीनवर डिफ्रॅगलर: कुठे कामाला येतं, कुठे नाही

ठाणे स्टेशन ते नौपाडा या पट्ट्यातली डीटीपीची दुकानं, वागळे इस्टेट आणि रबाळ्याचे छोटे कारखाने, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले गाळे. इथे विंडोज एक्सपी आणि विंडोज ७ ची मशीनं अजून रोज सुरू होतात, आणि त्याला सबळ कारण असतं. लग्नपत्रिकांच्या जुन्या फायली पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, फाँट श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे आहेत, श्रीलिपीचा डोंगल (परवान्याची चावी) मागच्या पोर्टला लावलेला आहे. नवीन मशीन घेतलं तर हा सगळा संसार हलवावा लागतो. म्हणून मशीन मंदावलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: डिफ्रॅग मार, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे एकत्र सलग कर. मग डिफ्रॅग सुरूच होत नाही, मध्येच अडकतं, किंवा रात्रभर चालूनही सकाळी मशीन तसंच रडतं. अशा मशीनसाठी पिरिफॉर्मचं डिफ्रॅगलर २.२२ वापरावं का, याचं हे परीक्षण.

डिफ्रॅगलर मोफत आहे आणि एक्सपीपासून पुढे चालतं. एक्सपीवरच्या जुन्या ब्राउझरमधून ते डाउनलोड करायच्या भानगडीत पडू नका, आजच्या बहुतेक साइट त्यात उघडतच नाहीत. दुसऱ्या मशीनवर पोर्टेबल आवृत्ती उतरवून पेनड्राइव्हने आणा. इन्स्टॉलरच वापरणार असाल तर प्रत्येक पान वाचून जादा सॉफ्टवेअरच्या खुणा काढा.

याची खरी ताकद एकाच गोष्टीत आहे. अख्खी डिस्क न ढवळता एकच फाइल सलग करता येते. ॲनालाइझ केल्यावर फाइल लिस्टमध्ये प्रत्येक फायलीचे किती तुकडे झालेत ते दिसतं. तुकड्यांच्या रकान्यावर क्लिक करून यादी लावा, वरच्या पाच-दहा फायलींना टिक करा आणि डिफ्रॅग चेक्ड दाबा. डीटीपीच्या मशीनवर या यादीत वर हमखास पेजमेकरच्याच फायली असतात. पेजमेकरच्या प्रेफरन्सेसमध्ये सेव्हचा पर्याय 'फास्टर' असेल तर प्रत्येक सेव्हला बदल फायलीच्या शेवटी जोडले जातात. फाइल फुगत जाते आणि जिथे मोकळी जागा सापडेल तिथे तिचा पुढचा तुकडा पडतो. हा पर्याय 'स्मॉलर' करा, किंवा काम संपल्यावर सेव्ह ॲज करून त्याच नावाने परत साठवा. फाइल लहान होईल. त्यानंतर डिफ्रॅग करा, आधी नाही.

तुकड्यांनी फरक किती पडतो? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हेड (वाचणारा काटा) नव्या जागी न्यायला साधारण ८ मिलिसेकंद आणि प्लॅटर (फिरणारी तबकडी) अर्धा फेरा फिरायला सुमारे ४ मिलिसेकंद जातात. म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे १२ मिलिसेकंद. चारशे तुकड्यांची फाइल उघडताना जवळपास पाच सेकंद नुसत्या धावपळीत जातात. पण पाच तुकड्यांच्या फायलीत हा खर्च शून्याच्या जवळ आहे. तेव्हा नकाशात लाल रंग दिसला म्हणून घाबरू नका, आकडा बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे जीव तोडून सांगावंसं वाटतं: डिफ्रॅग अडकतंय याचा अर्थ बऱ्याचदा डिस्क मरतेय असा असतो. डिफ्रॅग म्हणजे डिस्कवरचा डेटा वाचून परत लिहिणं. आजारी डिस्कला इतका ताण दुसरं कुठलंही रोजचं काम देत नाही. म्हणून आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. डिफ्रॅगलरमध्ये हेल्थचा टॅब आहे, पण क्रिस्टलचा निळा-पिवळा-लाल डबा पटकन समजतो. तीन ओळी बघायच्या: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर, सी६ म्हणजे कायमचे गेलेले. यांची रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ मोजणी, शून्य हवी. सी५ मध्ये आकडा असेल तर डिफ्रॅग करू नका. आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. सी७ मध्ये (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) मोठा आकडा असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. केबल बदलली तरी जुना आकडा तसाच राहतो, फक्त तो पुढे वाढत नाही ना ते पाहायचं.

केबलचा विषय निघालाच आहे तर आयडीई, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलच्या जुन्या डिस्कवाल्यांनी इथे जरा थांबावं. डिफ्रॅगला दोन-दोन दिवस लागतायत, माउसही अडखळतोय, अशा तक्रारीमागे एक्सपीचं एक जुनं वागणं असतं. डिस्कशी बोलताना सहा वेळा चूक झाली की एक्सपी वेग एक पायरी खाली आणतं, आणि असं करत करत शेवटी पीआयओ मोड या सगळ्यात हळू पद्धतीवर येऊन बसतं. मग अल्ट्रा डीएमए ५ या वेगवान पद्धतीची १०० एमबी प्रति सेकंदाची वाट १६ एमबीवर येते आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेल उघडा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये करंट ट्रान्सफर मोड बघा. पीआयओ दिसला तर तो चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन रिस्टार्ट करा, विंडोज तो नव्याने ओळखतं. त्याआधी कॅबिनेट उघडून पट्टीची केबल बोटांनी चाचपा. बारीक ऐंशी तारांची असेल तर तारांच्या रेघा बोटाला अगदी जवळजवळ लागतात. जाड चाळीस तारांची असेल तर ती डीव्हीडी ड्राइव्हसाठी ठीक, डिस्कला नको. निळं टोक मदरबोर्डला, काळं डिस्कला, मधलं करडं दुसऱ्या ड्राइव्हला. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि धूळ एकत्र येऊन कनेक्टरवर थर बसतो. केबल दोन-तीनदा काढून घट्ट बसवली तरी पुष्कळदा सी७ वाढायचं थांबतं.

डिफ्रॅग सुरूच होत नाही आणि 'चेकडिस्क शेड्यूल केलं आहे' असा संदेश येतो, तेव्हा त्या पार्टिशनवर डर्टी बिट, म्हणजे 'आधी तपासा' अशी खूण, लागलेला असतो. वीज अचानक गेली की तो लागतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएसयुटिल डर्टी क्वेरी सी कोलन टाइप केलं की लागलाय की नाही ते कळतं. चेकडिस्क स्लॅश एफ देऊन रिस्टार्ट करा आणि पूर्ण होऊ द्या. स्लॅश आर प्रत्येक सेक्टर वाचतं, वेळ खातं आणि डिस्कला दमवतं, म्हणून ते सी५ शून्य असेल तेव्हाच.

जागेचं गणित सोपं आहे. एक्सपीच्या स्वतःच्या डिफ्रॅगला १५ टक्के जागा मोकळी लागते. ८० जीबीची डिस्क विंडोजमध्ये साडेचौऱ्याहत्तर जीबी दिसते, म्हणजे ११ जीबी मोकळी हवी. तेवढी नसेल तर आधी टेंप, रिसायकल बिन आणि जुने रिस्टोअर पॉइंट साफ करा. विंडोज ७ मध्ये हायबरनेट वापरत नसाल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी हायफन एच ऑफ द्या. रॅमच्या पाऊणपटीची फाइल एका फटक्यात जाते.

दहा टक्क्यांवर अडकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं हे विंडोज ९८ चं दुखणं. मागे अँटिव्हायरस किंवा स्क्रीनसेव्हर डिस्कवर लिहीत असतो. सेफ मोडमध्ये चालवा, संपलं. एक्सपीच्या नकाशातले हिरवे पट्टे मात्र हलणार नाहीत, ती पेजफाइल असते, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल. इथे डिफ्रॅगलरचं बूट टाइम डिफ्रॅग उपयोगी आहे: सेटिंग्जमध्ये 'रन वन्स' निवडा, रिस्टार्ट करा, विंडोज सुरू व्हायच्या आत पेजफाइल सलग होते. मग व्हर्च्युअल मेमरीत कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकार एकच ठेवा. १ जीबी रॅमला १५३६ एमबी पुरे. आकार बदलत नाही म्हणून परत तुकडेही पडत नाहीत.

आता डिफ्रॅगलरच्या उण्या बाजू. २.२२ नंतर ते थांबल्यात जमा आहे. अख्खी डिस्क डिफ्रॅग करायला ते विंडोजच्या साधनापेक्षा बराच जास्त वेळ घेतं, कारण विंडोज ७ चं साधन ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांना हातच लावत नाही, आणि ते योग्यच आहे: इतक्या मोठ्या तुकड्यांत हेडची धावपळ जाणवत नाही. शिवाय विंडोज ७ मध्ये रिस्टोअर पॉइंट चालू असताना मोठं डिफ्रॅग केलं की नेहमीच्या ४ केबी क्लस्टरच्या (डिस्कवरच्या जागेच्या सगळ्यात लहान कप्प्याच्या) डिस्कवर हललेला डेटा शॅडो कॉपीला, म्हणजे रिस्टोअर पॉइंटच्या साठ्याला, बदललेला वाटतो, तिची जागा भरते आणि जुने पॉइंट उडतात. हे कोणत्याही डिफ्रॅगने होतं, पण जितकं जास्त हलवाल तितकं जास्त. म्हणून माझा कौल असा: अख्ख्या डिस्कला विंडोजचं, निवडक फायलींना आणि पेजफाइलला डिफ्रॅगलर. फ्रीस्पेस डिफ्रॅगचा (मोकळी जागा एकत्र करण्याचा) पर्याय जुन्या डिस्कवर वापरूच नका, फायद्याच्या मानाने झीज फार.

चालवताना दोन गोष्टी बघा. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर आधी बदला. पार्टिशन एनटीएफएस पद्धतीचं असेल तर वीज गेली तरी फाइल सहसा जात नाही, पण जुन्या फॅट३२ पद्धतीच्या पार्टिशनवर तेवढा भरवसा नाही. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी चालवू नका. बंद गाळ्यात डिस्कचं तापमान पन्नासच्या वर चढतं. कॅबिनेटची डावी बाजू उघडून टेबल फॅन लावा आणि रात्री सुरू करा.

विंडोज ७ च्या मशीनला साटा पोर्ट (डिस्क जोडायचं नवं, अरुंद सॉकेट) असेल तर मात्र हा सगळा खटाटोप सोडून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी डिस्क, बसवा. तिथे हेडच नाही, त्यामुळे डिफ्रॅगची गरजही नाही, उलट लिहिण्याने ती झिजते. डिफ्रॅगलरमधून एसएसडीवर चुकूनही डिफ्रॅग दाबू नका. एक्सपीसाठी एसएसडी सोयीची नाही. एक्सपीला ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) येत नाही आणि ते पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं, त्यामुळे ४ केबीच्या पानांशी मेळ बसत नाही. तिथे चांगल्या तब्येतीच्या हार्डडिस्कवर क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरने नक्कल करा. डोंगलवर चालणारी सॉफ्टवेअर नकलेवरही चालतात. डिस्कच्या सीरियल नंबरला बांधलेलं एखादं असेल तर ते परत रजिस्टर करावं लागेल, म्हणून जुनी डिस्क महिनाभर पुसू नका.