दहा महिने यूडीआयडी कार्ड वापरून: स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाच्या आईचा अनुभव

माझा मुलगा ३२ वर्षांचा आहे. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याने देऊ नकोस म्हणून सांगितलंय. बाकी सगळं लिहायला त्याची हरकत नाही. लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं आणि मगच पुढे पाठवलं.

डिप्लोमा झाल्यावर तो चाकणला एका कंपनीत दीड वर्ष कामाला होता. तेविसाव्या वर्षी त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला, "काकू, हा तीन दिवस जेवला नाहीये, खिडक्यांना वर्तमानपत्र चिकटवून बसलाय." तेव्हापासून आमच्या घरात स्किझोफ्रेनिया हा शब्द आला. दिव्यांग हा शब्द यायला मात्र आठ वर्षं लागली. यांना तो शब्दच सहन होत नसे. "आजारी आहे, बरा होईल. दाखला काढायचा म्हणजे आपणच त्याच्यावर शिक्का मारायचा," असं म्हणायचे. चार वर्षांपूर्वी हे गेले. थोरली मुलगी पुण्यात, तिच्या संसारात. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका, वय ६६. रात्री झोप लागत नसे आणि मनात एकच विचार: माझ्यानंतर हा काय खाईल? यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे सरकारच्या दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज केला तो या प्रश्नापायी. सवलतींचं तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं.

ज्यांच्या घरात हे नवीन आहे त्यांच्यासाठी आधी एवढं सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि मानसिक आजार त्यातला एक आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तरच बहुतेक योजना लागू होतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधार कार्ड, फोटो, सही आणि उपचारांचे कागद लागतात. अर्ज मी जानेवारी २०२५ मध्ये भाच्याच्या मदतीने भरला, मार्चमध्ये सिव्हिल हॉस्पिटलला डॉक्टरांच्या बोर्डापुढे बोलावणं आलं आणि मे महिन्यात कार्ड पोस्टाने घरी आलं. दाखला देण्याची मुदत २०२४ च्या बदललेल्या नियमांनुसार तीन महिन्यांची आहे, त्या मानाने आमचं काम फार लांबलं नाही. कार्डाला पिवळी पट्टी आहे. ती ४० ते ८० टक्क्यांसाठी असते. ४० च्या खाली पांढरी, ८० आणि वर निळी.

पण मला खरं लिहायचंय ते बोर्डाच्या दिवसाबद्दल.

हात नसला, पाय अधू असला तर डॉक्टर मोजतात. मनाचं काय मोजणार, असं मला वाटायचं. तर त्यासाठीही मोजमाप आहे. आयडियाज नावाची एक मोजपट्टी वापरतात. त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. शिवाय आजार किती वर्षांचा आहे याचेही गुण मिळतात. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्क्यांच्या वर्गात माणूस येतो. मी आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले. इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, हे मनाला समजवायला मला वेळ लागला.

अडचण अशी की आमचा मुलगा त्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जाणार. डॉक्टर विचारणार, "आंघोळ स्वतः करतोस?" तो म्हणणार, "हो." ते खोटं नाही. करतो तो. पण आठवड्यातून चार दिवस मी तीन-तीनदा आठवण करावी तेव्हा, आणि गोळ्या बदलल्या होत्या त्या काळात पंधरा-पंधरा दिवस नाही. आता हे मी त्याच्यासमोर, परक्या माणसांपुढे कसं बोलू? न बोलावं तर टक्केवारी कमी लागणार. बोलावं तर माझ्याच लेकराची अब्रू मी चारचौघांत काढणार.

यातून वाट दाखवली ती पुण्याच्या एका आईने. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा' ही संस्था पुण्यात १९९७ पासून आहे. डॉ. जगन्नाथ वाणींनी ती सुरू केली. त्यांच्या स्वमदत गटात शुभार्थी आणि शुभंकर असे शब्द वापरतात. आजार ज्याला आहे तो शुभार्थी, त्याची काळजी घेणारा शुभंकर. मुलीकडे गेले की मी त्या गटात जाऊन बसते. तिथे ती बाई म्हणाली, "ताई, महिनाभर वही लिहा. काय केलं, काय करायला सांगावं लागलं, काय राहिलं. आणि बोर्डाच्या आधी ती वही त्यालाच वाचायला द्या."

त्याला वाचायला द्यायची? पोटात गोळा आला माझ्या. तरी बोर्डाच्या आदल्या रात्री दिली. त्याने सगळी वाचली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, गुरुवारी मी केली होती आंघोळ. तू देवळात गेली होतीस तेव्हा." मी खोडून दुरुस्त केलं. मग त्याने पेन मागितलं आणि खाली स्वतः दोन ओळी लिहिल्या. एक: "दुकानात माणसं असली की ती माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटतं, म्हणून मी परत येतो आणि दुकान बंद होतं असं सांगतो." दुसरी: "कुणी काही विचारलं की उत्तर सापडायला वेळ लागतो, तोपर्यंत मी हसतो."

आठ वर्षं मी त्याला ओरडत होते, त्या हसण्यासाठी. यांच्या दहाव्याला आलेल्या लोकांपुढे तो हसला म्हणून माझ्या धाकट्या दिरांनी त्याला सगळ्यांसमोर बोल लावले होते, आणि मी गप्प राहिले होते. ते हसू कशाचं होतं हे मला एका सरकारी दाखल्याच्या तयारीत कळलं.

बोर्डापुढे वही ठेवली. डॉक्टरांनी ती नीट वाचली, त्याची अक्षरं कोणती तेही विचारलं. मला फारसं बोलावंच लागलं नाही. ५५ टक्के लागले. दाखला तात्पुरता आहे, पाच वर्षांचा. मानसिक आजार कमीजास्त होतो म्हणून पुन्हा तपासणी, हे मला पटतं.

बाकी कुणी काही घेतलं नाही तरी चालेल, पण ही वहीची गोष्ट घ्या. दाखला मुलाच्या पाठीमागे काढू नका. "सहीपुरता चल" असं म्हणून नेलेली मुलं मी त्या बाकावर बसलेली पाहिली. आपल्याला कशासाठी आणलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तिशीतली, पस्तिशीतली माणसं ती. आत आईवडील आपल्याबद्दल काय बोलतायत ते ऐकून एक जण उठून निघूनच गेला आणि त्याचे वडील त्याच्यामागे जिन्यावरून धावले.

आता कार्डाचा उपयोग काय झाला, ते सांगते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना: सगळ्यांनी आधी हीच सांगितली. दिव्यांगांना दरमहा १,५०० रुपये मिळत होते, ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. मी सेतूत जाऊन उत्पन्नाचा दाखला काढला, फोटो काढले, झेरॉक्स काढल्या, चार हेलपाटे घातले. अर्ज नामंजूर. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे आणि माझी पेन्शनच दोन महिन्यांत त्यापुढे जाते. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर ते चार हेलपाटे वाचले असते. एका कार्यालयात तर एकाने मुलाकडे बघून, "हातपाय धड आहेत की," असं त्याच्या तोंडावर म्हटलं. त्यानंतर दोन दिवस तो खोलीतून बाहेर आला नाही. पण म्हणून योजना वाईट आहे असं नव्हे. आमच्या वाडीतल्या एका शेतमजुराच्या मुलीला हाच आजार आहे. तिच्या वडिलांना मी अर्ज भरून दिला आणि तिला पैसे सुरू झाले. ज्यांच्या घरात पगार नाही, पेन्शन नाही त्यांनी नक्की करावा. १८ ते ६५ वय आणि महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य, एवढ्या अटी आधी बघून घ्या.

आयकर: कलम ८०डीडी खाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००. ही फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत करच लागत नाही, त्यामुळे माझ्यासारख्या पेन्शनरला तिचा उपयोग उरला नाही. नोकरीत असलेल्या, जुनी प्रणाली ठेवलेल्या वडिलांनी विचार करावा.

एसटी: तिकिटात ७५ टक्के सवलत. पुण्याला जाताना हे जाणवतं, मला तर महिला सन्मानमुळे अर्धं तिकीट असतंच. पण एकदा शेजारच्या प्रवाशाने कार्ड पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "धडधाकट दिसतोय, काय झालंय याला?" तेव्हापासून तो एकटा असला की पूर्ण तिकीट काढतो. मी एकदा म्हटलं, अरे पैसे कशाला घालवतोस. म्हणाला, "कार्ड माझं आहे ना?" तेव्हापासून मी त्या विषयावर बोलत नाही.

रेल्वे: सवलतीच्या यादीत बौद्धिक अक्षमता आहे, मानसिक आजार नाही. तसंच निरामय विम्याचं. एक लाखापर्यंतचं ते संरक्षण राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या चार प्रकारांसाठी आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व. स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. खेड्यापाड्यांत या दोन गोष्टींत फार गल्लत होते. मतिमंद आणि मनोरुग्ण हे एकच, असं शिकलेली माणसंही समजतात आणि मग चुकीच्या खिडकीसमोर रांग लावतात. मीही लावली.

ग्रामपंचायत: स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं स्थानिक स्वराज्य संस्थांना बंधनकारक आहे. आमच्याकडे दिवाळीआधी मिळाले. रक्कम लहान, पण मुलाच्या खात्यावर, त्याच्या नावाने. त्याने त्यातून मला चष्म्याची नवी काच करून दिली.

आणि आता ज्यासाठी हे सगळं केलं ते कुटुंब निवृत्तिवेतन. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ प्रमाणे कर्मचाऱ्याचं मूल दिव्यांगत्वामुळे किंवा मानसिक आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नसेल, तर त्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. माझ्या कित्येक मैत्रिणी निवृत्त शिक्षिका आहेत, घरात असं मूल आहे आणि त्यांना हे माहीतच नाही. त्यांना वाटतं मूल मोठं झालं की त्याचा हक्क संपला. कार्ड एकट्याने भागत नाही. "चरितार्थ चालवू शकत नाही" असं स्पष्ट लिहिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. टक्केवारी वेगळी आणि हे वाक्य वेगळं. सिव्हिलला बोर्डाच्या वेळीच हे मागितलं असतं तर माझी दुसरी खेप वाचली असती. अर्ज पंचायत समितीत दिला, सोबत जन्माचा दाखला, कार्ड, प्रमाणपत्र, त्याच्या बँक पासबुकाची प्रत आणि माझ्या पेन्शन आदेशाची प्रत. आपण हयात असतानाच नाव नोंदवण्याचा आग्रह धरा. आपण गेल्यावर हे कागद गोळा करायला त्याला कोण नेणार?

याच्याच जोडीने आणखी एक काम केलं, त्याला एक रुपयाही खर्च आला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये सज्ञान माणसाला साध्या कागदावर लिहून आणि सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. पुढे आजार बळावला, निर्णय घेणं जमेनासं झालं, तर उपचारांच्या बाबतीत तो माणूस आधाराला उभा राहतो. मला वाटलं होतं तो माझं नाव लिहील. त्याने ताईचं लिहिलं. मी बघतच राहिले तर म्हणाला, "तू म्हातारी झालीस ना आता." बरोबर होतं त्याचं. ते दोघं त्या दिवशी फोनवर पाऊण तास बोलत होते, बऱ्याच वर्षांनी.

मधल्या काळात रात्री अपरात्री धीर सुटला तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, दोनदा फोन केला. मराठीत बोलतात, घाई करत नाहीत. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

पेन्शनच्या अर्जाची पोच डिसेंबरात मिळाली, आवक क्रमांकासह. अजून मंजुरी आलेली नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघं विचारायला जातो. खिडकीशी आता तो बोलतो. उत्तर यायला वेळ लागला की तो हसतो, मी शेजारी उभी असते, आणि थांबते.