बोहरी आळीतून घेतलेला अँगल ग्राइंडर: सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

रविवार पेठेतील बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मी सहा महिन्यांपूर्वी १०० मिमी चकतीचा अँगल ग्राइंडर घेतला, आणि गज कापण्यापासून वेल्डिंगचे सांधे घासण्यापर्यंत त्याने उत्तम साथ दिली आहे. यंत्र हाती देण्याआधी दुकानदारांनी चकतीवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या मिनिटाला ११,००० फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, हे मला स्वतः वाचायला लावले. शिवाय चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावरील मुदतही दाखवली, कारण जुनी किंवा दमट झालेली चकती कमकुवत होते आणि फुटल्यास तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. असे दुकानदार विरळाच. कापायची पातळ चकती घासण्यासाठी आडवी दाबू नये, हेही त्यांनीच बजावले.

संरक्षक कवच पान्याशिवाय फिरवता येते, त्यामुळे ते काढून ठेवण्याचा मोह होत नाही. मात्र सरकवायचे बटण चालू स्थितीतच अडकून राहते, ही मला गंभीर उणीव वाटते: वीज जाऊन परत आली की यंत्र आपोआप फिरू लागते. चार पैसे जास्त गेले तरी बटण दाबून धरावे लागणारा प्रकार घ्यावा.