बॅकग्राउंडचे प्रोग्राम बंद करतो म्हणाला आणि रॅम बदलून गेला

माझ्या घरात, मी दहा फुटांवर असताना, माझ्या कॉम्प्युटरमधली 32 जीबी रॅम 16 जीबी झाली आणि तीन आठवडे मला पत्ता लागला नाही. उलट मशीन सुधारलं या आनंदात मी घरी येऊन कॉम्प्युटर वेगवान करून देणाऱ्या मुलाला चार हजार रुपये दिले. उलवे, सीवूड्स, नेरूळ भागात तो आणखी कुणाकडे गेला असेल किंवा जाणार असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

मला लहानपणापासून विमानांचं वेड. पायलट होणं आमच्या घरच्या परिस्थितीत शक्य नव्हतं. 2020 च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम, आला, आणि पुढच्या वर्षी निवृत्तीच्या पैशातून मी त्याच्यासाठी खास डेस्कटॉप जुळवून घेतला. रॅमच्या 16 जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या) मुद्दाम टाकल्या, कारण कंपनीने जाहीर केलेल्या यादीत रॅम किमान 8, शिफारस 16 आणि उत्तम कामगिरीसाठी 32 जीबी असं लिहिलेलं होतं. रोज संध्याकाळी तास-दीड तास मुंबईहून पुण्याला, गोव्याला जायचं, हा माझा नेम. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, आमच्या बाल्कनीतून खरी विमानं दिसायला लागली, तेव्हापासून तर जास्तच.

मुंबई विमानतळाची दाट सीनरी टाकल्यावर मात्र सिम्युलेटर अडखळायला लागला. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून रनवेकडे जाताना, विमान झटके खात पुढे जायचं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच सुमारास एक निरोप आला होता: पीसी आणि गेमिंग ट्यूनिंग, घरी येऊन. खाली एका रहिवाशाने लिहिलं होतं, "आमच्याकडे येऊन गेला, चांगला मुलगा आहे." मी फोन केला.

मुलगा पंचविशीचा, नम्र. चपला बाहेर काढून आत आला. काय काय चालू आहे ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर त्याने उघडला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "काका, 187 प्रोसेस चालू आहेत बॅकग्राउंडला. मशीनने श्वास कसा घ्यायचा?" मी घाबरलोच. विंडोज 11 वर दीडशे-दोनशे प्रोसेस चालू असणं अगदी सामान्य आहे, त्यातल्या बऱ्याचशा विंडोजच्या स्वतःच्या असतात आणि जवळजवळ काहीच न करता पडून असतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग त्याने आधीचा आकडा दाखवला. मुंबईच्या रनवे 27 जवळ, टर्मिनलसमोर विमान उभं, एफपीएस 21. म्हणजे पडद्यावर सेकंदाला 21 चित्रं. "लक्षात ठेवा हा आकडा," म्हणाला. ब्राउझर बंद केला, वनड्राइव्ह बंद केलं, गेम लाँचर, कीबोर्डच्या दिव्यांचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचं काहीतरी, एकेक करत सगळं बंद. मग म्हणाला, आत धूळ बसलेली असणार, प्रोसेसर तापून मंद होतो, ब्लोअर मारून देतो. धूळ घरात नको म्हणून कॅबिनेट बाल्कनीत नेला आणि सरकता दरवाजा ओढून घेतला. मी चहा ठेवायला आत गेलो. पंधरा मिनिटं. रॅम बदलायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

परत जोडल्यावर त्याने विमान पुन्हा उडवून दाखवलं. एफपीएस 46. दुपटीहून जास्त! मी अक्षरशः त्याच्या पाठीवर थाप मारली. डेस्कटॉपवर 'बूस्ट' नावाचं एक चिन्ह करून दिलं, उडायच्या आधी त्यावर दोनदा क्लिक करायचं. आणि जाता जाता बजावलं, "टास्क मॅनेजर उघडू नका काका, सेटिंग बिघडेल." व्हिजिटचे पाचशे, ट्यूनिंगचे साडेतीन हजार, यूपीआयने. बिल मागितलं तर "व्हॉट्सअॅपवर पाठवतो." ते कधीच आलं नाही.

आता त्या 46 ची गोष्ट, कारण मी खरा फसलो तो तिथे. पहिला आकडा त्याने मुंबई विमानतळावर घेतला, जिथे इमारती, झोपड्या, उभी विमानं, रस्त्यावरच्या गाड्या सगळं एकाच वेळी काढावं लागतं. दुसरा आकडा अलिबागच्या पुढे, समुद्रावर, दहा हजार फुटांवर. खाली नुसतं पाणी. तिथे माझं मशीन आधीही चाळीसच्या वर जात असणार. शिवाय रेंडर स्केलिंग, म्हणजे चित्राचा रेखीवपणा, 100 वरून 70 वर आणलं होतं, विमानतळावरची गर्दी शून्यावर. पुढच्या काही दिवसांत कॉकपिटमधले आकडे मला धूसर दिसायला लागले. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती.

तिसऱ्या आठवड्यात मुंबईला उतरताना, रनवे समोर दिसत असताना, सिम्युलेटर बंद पडून सरळ डेस्कटॉप समोर आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला बोलावलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून तिने टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केलं आणि विचारलं, "काका, तुमची रॅम किती आहे म्हणालात?" वर उजव्या कोपऱ्यात 16 जीबी. खाली वेग 2400. माझ्या 2021 च्या बिलावर 16 जीबीच्या दोन, वेग 3200. कॅबिनेट उघडला तर आत 8 जीबीच्या दोन जुनाट स्टिक, एकीचं लेबल अर्धं खरवडलेलं.

'बूस्ट' चिन्ह तिने नोटपॅडमध्ये उघडलं. नऊ ओळी. प्रत्येकीत टास्ककिल, म्हणजे प्रोग्राम बंद करायचा आदेश, आणि एका प्रोग्रामचं नाव, बस. त्यात वनड्राइव्हही होतं आणि ते त्याने विंडोजबरोबर सुरू होण्यातूनही काढून टाकलं होतं, त्यामुळे तीन आठवडे माझ्या स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंचा बॅकअप थांबलेला. प्रोग्राम बंद करण्याचा हा सगळा कार्यक्रम त्याला उपयोगी होता तो याचसाठी: बाकी सगळं बंद असलं की 16 जीबीतही सिम्युलेटर चालतो आणि गेलेली रॅम लगेच जाणवत नाही.

रॅमच का, हेही त्या मुलीनेच सांगितलं. 2025 च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांकडून मेमरीला प्रचंड मागणी आहे, चिप बनवणाऱ्यांनी उत्पादन तिकडे वळवलं, आणि घरगुती वापराच्या स्टिक महागल्या. माझ्याकडची जुन्या पिढीची डीडीआर4 सुद्धा. म्हणजे माझ्या पाच वर्षं जुन्या स्टिकला आज गिऱ्हाईक आहे.

नंतर आम्ही दोघांनी नीट मोजमाप केलं. तेच विमान, तीच जागा, तीच वेळ, निरभ्र हवामान, सगळ्या सेटिंग पूर्ववत. ब्राउझर वीस टॅबसह चालू ठेवून 22, सगळं बंद करून 24. इतकाच फरक. डेव्हलपर मोडमधला एफपीएसचा तक्ता उघडला की सिम्युलेटर कशामुळे अडतो आहे ते लिहून येतं. माझ्याकडे मेन थ्रेड आला. सिम्युलेटरचं मुख्य काम प्रोसेसरच्या एका कोअरवर चालतं, तो कोअरच भरलेला असेल तर बाजूचे प्रोग्राम बंद करून एफपीएस वाढत नाही. त्यासाठी टेरेनचं लेव्हल ऑफ डिटेल, म्हणजे जमिनीवरच्या दृश्याची बारकाई, आणि विमानतळावरची गर्दी थोडी कमी करावी लागते, ती कुणीही फुकट करू शकतो. प्रोग्राम बंद केल्याचा खरा फायदा रॅम कमी असेल तेव्हा होतो: ब्राउझर दोन-तीन जीबी खातो, तो बंद केला की मधले झटके जातात. माझं दुखणं ते नव्हतंच, माझ्याकडे 32 होती. आता आहे. आता मला खरोखरच ब्राउझर बंद करून बसावं लागतं.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, अर्ज घेतला, पण पहिलाच प्रश्न होता, स्टिकचा सीरियल नंबर काय? बिलावर नाही. फोटो नाही. प्रत्येक स्टिकच्या लेबलवर नंबर असतो, मी कधी पाहिलाच नव्हता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर दुकानाचं नाव, पत्ता आणि बिल विचारलं; तेही माझ्याकडे नाही. मुलाचा फोन बंद. यूपीआयच्या नोंदीत दिसणारं नाव त्याने सांगितलेल्या नावाहून वेगळं आहे, तेवढा एक धागा अर्जाला जोडला आहे.

म्हणून कुणालाही घरी बोलवायच्या आधी कॅबिनेट उघडून रॅम आणि एसएसडीच्या (फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हच्या) लेबलांचे फोटो काढा, टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानाचाही एक. काम झाल्यावर माणूस दारात उभा असतानाच तेच पान पुन्हा उघडा. आणि आधी-नंतरचा आकडा दाखवला तर विमान त्याच जागी उभं करायला लावा.

'चांगला मुलगा आहे' असं ग्रुपवर लिहिणाऱ्या गृहस्थांकडे मी परवा गेलो. त्यांनाही वाईट वाटलं, माझ्यासमोरच त्यांनी मशीन उघडलं. त्यांच्या नातवाच्या कॉम्प्युटरमध्ये दोनपैकी एकच स्टिक शिल्लक होती. सोमवारी आम्ही दोघं मिळून पुन्हा पोलीस ठाण्यात जाणार आहोत. ज्यांच्याकडे तो येऊन गेला असेल त्यांनी आज मशीन तपासावं आणि जुनं बिल घेऊन आमच्याबरोबर यावं.