हायलक्ससाठी ऑल-टेरेन टायर घेताना आधी ‘एलटी’ बघा

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारखी पिकअप गाडी दारात आली की डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारे ऑल-टेरेन टायर बसवायची हौस फार दिवस थांबत नाही. दुकानात ट्रेडचे, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीचे ठोकळे बघून पसंती होते, आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गायमुख यायच्या आत मागच्या सीटवरून तक्रार सुरू होते. ठोकळ्यांमुळे आवाज वाढतो हे खरं, पण कंबरेला बसणारे हिसके बहुतेक वेळा टायरच्या बांध्यामुळे असतात. तो बांधा कसा आहे हे साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेलं असतं, फक्त ते कुणी वाचत नाही.

योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५ घ्या. एकच नाव, एकच नक्षी, पण तो दोन प्रकारांत बनतो. मापाच्या आधी ‘एलटी’ लिहिलं असेल तर तो हलक्या मालवाहू गाड्यांसाठीचा, जाड थरांचा टायर. नुसतं २६५/६५ आर१७ (रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात) लिहिलं असेल तर तो एसयूव्हीच्या बांध्याचा, ज्याला दुकानदार ‘मेट्रिक’ म्हणतात. बीएफगुडरिचचा केओ२ बहुतेक मापांत एलटीच येतो. दगडधोंड्यात त्याची साइडवॉल सहजी फाटत नाही, ही त्याची खरी ताकद. ठाण्याच्या रस्त्यावर नेमका तोच टणकपणा अंगावर येतो.

मापानंतर लिहिलेला लोड इंडेक्स, म्हणजे भार पेलण्याचा सांकेतिक आकडा, ११२ असेल तर एक टायर १,१२० किलो पेलतो. १२० असेल तर १,४०० किलो. रिकाम्या हायलक्सच्या मागच्या एका टायरवर भार असतो साधारण साडेचारशे किलो. चौदाशे किलोसाठी बांधलेली साइडवॉल एवढ्याशा भाराखाली वाकणार तरी कशी? त्यात मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग), तेही माल वाहण्याच्या हिशोबाने बसवलेले. पाटा हलत नाही, टायर दबत नाही, मग हिसका थेट सीटपर्यंत. शिवाय एलटी टायर तीन-चार किलोने, काही मापांत त्याहूनही जड असतो. चाकाचं वजन वाढलं की खड्ड्यातून वर आलेलं चाक आवरायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं.

ठाणे-बेलापूर रोडवर आणि सायन-पनवेल हायवेवर हा फरक लगेच कळतो. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो, म्हणजे ताशी ६० च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ चार ठोके. मेट्रिक टायरवर ते ठोके कानाला कळतात, एलटीवर मणक्याला. पुलांच्या एक्स्पान्शन जॉइंटवर आणि सर्व्हिस रोडच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरही तेच. मोठ्या गतिरोधकावर मात्र टायर कुठलाही असो, गाडी मागून उसळते. ते काम शॉकअपचं आणि पाट्यांचं. टायर बदलून उसळी जाईल अशी आशा धरू नका. हौद्यात ८०-१०० किलो वजन ॲक्सलच्या वर, पट्ट्यांनी घट्ट बांधून ठेवलं की पाटे जागे होतात.

हायलक्सच्या वरच्या मॉडेलला २६५/६० आर१८ येतात, स्टँडर्डला २६५/६५ आर१७. दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ७७५ मिलिमीटरच्या आसपास. पण १८ इंची टायरची साइडवॉल १५९ मिलिमीटर आणि १७ इंचीची १७२. हे १३ मिलिमीटर रबर आणि हवा म्हणजे फुकटची गादी! रिम बदलायचीच असेल तर मोठी घेऊ नका, १७ ची घ्या; ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना, हे आधी एक चाक लावून बघा. २६५/७० आर१७ चा मोह बऱ्याच जणांना होतो. व्यास २७ मिलिमीटरने वाढतो, पिकअप मंदावतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या लायनरला घासू शकतो.

मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर रोज ऑफिसला जायच्या गाडीला नकोत. गुणगुण तर असतेच, पण खरी अडचण पावसात होते: सुटे-सुटे ठोकळे ओल्या काँक्रीटला पुरेसे चिकटत नाहीत आणि गाडी थांबायला अंतर जास्त घेते.

हवेत सगळ्यात जास्त घोळ होतो. पंपावरचा माणूस पिकअप बघून ४०-४५ पीएसआय हवा भरून मोकळा होतो. ड्रायव्हरच्या दाराजवळचं स्टिकर बघा, टायर थंड असताना तेवढीच भरा. स्टिकरचा आकडा कंपनीच्या टायरसाठी असतो; एलटी टायरला तोच भार पेलायला जास्त हवा लागते, म्हणून तिथे अंदाज खडूने घ्यायचा. ट्रेडवर आडवी जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर सरळ शंभर-दोनशे मीटर गाडी चालवा आणि खाली उतरून बघा. रेघ फक्त मधून पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदलत जा. मुरबाडच्या पुढे कच्च्यात उतरल्यावर २० पर्यंत खाली आणायला हरकत नाही, पण वेग कमी ठेवा आणि डांबरीवर चढण्याआधी पुन्हा भरा. त्यासाठी गाडीत कॉम्प्रेसर हवाच. कमी हवेवर पळवलेला टायर आतून तापतो आणि साइडवॉल सोडतो.

निवड स्पष्ट आहे. आठवडाभर ठाणे-नवी मुंबई आणि महिन्यातून एकदा कच्चा रस्ता, तर मेट्रिक जी०१५ घ्या. दर आठवड्याला दगडात उतरणारा किंवा हौदा भरून फिरणारा असेल, त्याने एलटी घ्यावा आणि कडकपणा मान्य करावा.

टायर बसवून घेताना तिथेच उभे राहा. २०२० च्या जूनपासून टायर आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशी मापांचा जुना माल पुढे सरकवला जाऊ शकतो; साइडवॉलवरच्या ‘डीओटी’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, १४२४ म्हणजे २०२४ चा चौदावा आठवडा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यायला हवा. एका चाकाला शंभर ग्रॅमच्या वर शिसं लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बॅलन्स करायला सांगा, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरेल. दर ८-१० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करा. ती चुकली की ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या झिजतात आणि चांगला टायरही घोंघावायला लागतो. नट गनने बसवले असतील तर शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या.