‘कुठेही घासणार नाही’ या हमीचे मी मोजलेले १,०६,४०० रुपये

माझ्या हॅचबॅकला कंपनीकडून १८५/६५ आर १५ या मापाचे टायर आले होते, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर आणि रिम (टायर ज्यावर चढतो ते धातूचे चाक) १५ इंचांची. कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर माझे नेहमीचे जाणे-येणे असल्यामुळे आंबा घाटातील वळणांवर पकड थोडी वाढावी म्हणून जरा रुंद टायर बसवावेत, पण ते फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासू नयेत, एवढीच माझी अपेक्षा होती. घरी बसून मी हिशेबही केला होता. १८५/६५ आर १५ चा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो आणि १९५/६० आर १५ चा ६१५, म्हणजे रुंदी वाढूनही उंची जवळपास तीच राहते. हे मापच मी कागदावर लिहून दुकानात नेले होते. ‘माहिती न घेता गेलास’ असे मला नंतर ज्यांनी ऐकवले, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

दुकानदाराने कागद पाहिला आणि हसून म्हणाला, “साहेब, १९५ कशाला? २०५ लावा. फरक एक सेंटिमीटरचा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा. घासला तर पैसे परत.” त्याने जे सांगितले ते रुंदीपुरते खरे होते, उंचीबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. त्याने लावले ते २०५/६५. ६५ हा आकडा मिलिमीटर नसून रुंदीची टक्केवारी असते, त्यामुळे रुंदी वाढवून तोच आकडा ठेवला की टायर उंचही होतो. या मापाचा व्यास ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा २६ मिलिमीटर जास्त. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असा जाणकारांचा साधा संकेत आहे आणि इथे तो चार टक्क्यांवर गेला होता. काटा शंभर दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात एकशेचारने धावू लागली, ते वेगळेच.

व्यवहार असा झाला. चार टायर प्रत्येकी ७,४०० रुपयांप्रमाणे २९,६०० रुपये, चार अलॉय रिम प्रत्येकी ८,२५० प्रमाणे ३३,००० रुपये, त्यातून माझा जुना संच जमा करून ११,५०० रुपये वजा, म्हणजे देणे ५१,१०० रुपये. त्यापैकी २०,००० मी यूपीआयने दिले आणि ३१,१०० रोख. पक्के बिल मागितले तेव्हा उत्तर आले की टायरवर २८ टक्के जीएसटी आहे, उगाच सरकारला कशाला देता. (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे, त्यामुळे आता हे आमिष थोडे स्वस्त झाले असावे.) हातात पडली ती शिक्का नसलेली कच्ची पावती, आणि यूपीआयचे पैसे गेले ते दुकानाच्या नव्हे तर कोणा व्यक्तीच्या नावावर. पक्के बिल देत नसेल तर त्या दुकानातून उठून जा. टॅक्स वाचवण्याच्या गप्पा ऐकत बसू नका.

मला सर्वांत जास्त जळफळाट होतो तो यानंतरच्या प्रसंगाचा. चाके बसवून झाल्यावर मिस्त्रीने गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने गरगर फिरवले, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून दाखवले आणि म्हणाला, “बघा साहेब, कुठे लागतंय का?” अर्थातच लागत नव्हते. जॅकवर सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबते आणि टायर फेंडरपासून जास्तीत जास्त दूर जातो. त्या अवस्थेत ट्रकचे चाकही घासणार नाही. गाडी खाली घ्या, मागे तिघे बसवा, मग पूर्ण वळवून पाहू, असे मी म्हणालोसुद्धा. त्यावर मालकाने चहा मागवला, रिम किती शोभून दिसतात यावर दोन गिऱ्हाइकांना बोलते केले आणि माझे जुने टायर तेवढ्यात आत नेले गेले. ज्या क्षणी ते टायर आत गेले त्या क्षणी मला ओरडायला हवे होते. पण भर दुकानात, हातात चहाचा कप असताना, चार लोकांदेखत किती सभ्य माणसे ओरडतात हे मला सांगा.

घाटात कुटुंबासह गेलो तेव्हा पुढचे चाक पूर्ण वळणावर आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला घासू लागले आणि मागचे चाक प्रत्येक खड्ड्यात फेंडरच्या आत वळलेल्या कडेवर आपटू लागले. जळक्या रबराचा वास काचा बंद असूनही आत येत होता. परत गेलो तेव्हा पैसे परत करण्याचा विषय निघालाच नाही. निघाले ते उपाय, आणि प्रत्येक उपायाचे पैसे वेगळे. आतली घासणी घालवण्यासाठी दहा मिलिमीटरचे स्पेसर (चाकामागे बसवून चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) ३,२०० रुपयांना, मागची बाजू उचलण्यासाठी स्प्रिंगमध्ये अडकवायचे रबरी बफर २,४०० रुपयांना, आणि तरीही लागते म्हणून फेंडरची कड दाबून वळवण्याचे ४,५०० रुपये. एकूण १०,१००. मूळ रिम ६जे आणि ईटी ४० ची होती, त्याने दिलेली ७जे आणि ईटी ३५ ची. जे म्हणजे रिमची इंचांतील रुंदी, आणि ईटी म्हणजे रिमची मध्यरेषा गाडीला टेकणाऱ्या तिच्या पृष्ठभागापासून किती मिलिमीटर आत आहे तो आकडा. ईटीचा आकडा जितका कमी तितके चाक बाहेर सरकते. टायरची वाढलेली रुंदी आणि ईटीतील फरक धरून टायरची बाहेरची कड आधीच सुमारे १५ मिलिमीटर बाहेर आली होती, आणि स्पेसरने ती आणखी १० मिलिमीटर ढकलली. म्हणजे आतली घासणी थांबवण्याचे पैसे घेऊन त्याने बाहेरची वाढवली आणि मग तिचेही पैसे घेतले. कड दाबताना रंगाला तडे गेले ते निराळेच.

खरे काय आहे ते कळले दुसऱ्या एका टायरवाल्याकडे, स्टिअरिंग थरथरते म्हणून चाके काढायला लावली तेव्हा. रिमचे मधले छिद्र ७३.१ मिलिमीटरचे आणि माझ्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला गोल भाग, ५४.१ चा, मधली पोकळी भरणारी कडी बसवलेलीच नव्हती, चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यभागी धरलेले होते. आणि तारखेचा शिक्का असलेली बाजू चारही टायरना आत ठेवली होती. दोन टायरवर ‘१११९’ होते, म्हणजे २०१९ सालचा अकरावा आठवडा. मी ते नवे म्हणून २०२४ मध्ये घेतले होते. टायर रिमवर चढण्यापूर्वी हे चार अंक स्वतः वाचा आणि त्यांचा फोटो काढा.

पोलीस चौकीत गेलो तर सांगितले गेले की हा दिवाणी वाद आहे, पैसे तुम्ही खुशीने दिलेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचे आहे असे मी म्हणताच समोरच्याने विचारले, “वकील आहात का?” परिवहन खात्याच्या कार्यालयात तर दुकानदार राहिला बाजूलाच, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीतील बदलांना बंधने आहेत, कलम १८२अ खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे मलाच ऐकवण्यात आले, आणि ज्याने हे बदल विकले, बसवले आणि बिलाविना पैसे घेतले त्याच्याविरुद्ध अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे मात्र त्या इमारतीतील एकाही माणसाला ठाऊक नव्हते. कराच्या कार्यालयात बिल दिले नाही अशी तक्रार नेली, तर तक्रारीसोबत बिल जोडा असे सांगितले गेले. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही. विमा कंपनीने फेंडरचा दावा ‘बदल केलेली गाडी’ म्हणून फेटाळला. प्रत्येक टेबलावर मी चोर आणि तो व्यापारी!

शेवटी १९५/६० आर १५ चे नवे टायर प्रत्येकी ५,८५० प्रमाणे २३,४०० रुपयांना, माझ्या मूळ मापाच्या वापरलेल्या रिम १४,००० रुपयांना आणि फेंडरचे रंगकाम ७,८०० रुपयांना केले. पाच माणसे बसवून, मागच्या फेंडरच्या कडेला आतून खडू फासून गतिरोधकावरून गाडी नेली. खडू पुसला गेला नाही. कोणत्याही दुकानात आधी एकच चाक बसवून ही चाचणी करायला लावा, आणि ती होईपर्यंत जुने टायर तुमच्या डिकीत ठेवा. जो स्पेसर सुचवेल त्याला आधी ईटीचा आकडा विचारा.

ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. माझी तक्रार तिथे दाखल आहे. दुकानदाराने लेखी उत्तर दिले आहे की टायर आणि रिम ग्राहकाने स्वतःच आणल्या होत्या, आपण फक्त बसवण्याची मजुरी घेतली. यूपीआयने दिलेले ते वीस हजार रुपये म्हणे मजुरी!