न बदललेल्या मदरबोर्डचे पाच हजार आठशे

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे केंद्र चालवतो. गेल्या जुलैमध्ये, पीकविम्याची मुदत तोंडावर आलेली असताना, एका रात्री विजांचा कडकडाट झाला, लाईन तीन-चारदा आली-गेली, आणि सकाळी डेस्कटॉप चालूच होईना. बटण दाबले तरी पंखा फिरत नव्हता, दिवा लागत नव्हता आणि कॅबिनेटच्या मागून जळका वास येत होता. ओट्यावर सातबारा आणि पासबुक घेऊन दहा-बारा शेतकरी बसलेले होते, त्यामुळे माझ्या जिवाची घालमेल दुरुस्तीवाल्याला फोनवरच कळली असावी.

तो तालुक्याहून दुपारी मोटारसायकलवर आला. त्याने ना कॅबिनेट उघडले, ना मीटर लावले, फक्त मागच्या जाळीला नाक लावले आणि म्हणाला, "दादा, बोर्ड गेला तुमचा. काही कामाचा नाही राहिला." ती जाळी एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याची असते, मदरबोर्डची (सगळे भाग जिच्यावर जोडतात त्या मुख्य पट्टीची) नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कॅबिनेट दुकानात न्यावे लागेल, असे तो म्हणाला आणि मी आत काय काय आहे याची एक ओळही न लिहिता ते त्याच्या गाडीवर बांधून दिले.

तिसऱ्या दिवशी संगणक चालू होऊन परत आला. बोर्डाचे ५,२०० आणि मजुरीचे ६०० असे ५,८०० रुपये त्याने साध्या चिठ्ठीवर मांडले. तिच्यावर दुकानाचे नाव नव्हते, तारीखही नव्हती. वर असेही सांगितले की एसएमपीएससुद्धा नवा टाकला आहे, पण आपल्या माणसाकडून त्याचे पैसे कसे घ्यायचे? मला त्या मोठेपणाचे कौतुक वाटले आणि मी त्याला चहा पाजला. हे लिहिताना आजही लाज वाटते, कारण झालेली खरी दुरुस्ती तेवढीच होती.

पोळ्याला भाचा आला. तो यवतमाळला पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. संगणक फार रेंगाळतो अशी कुरकूर मी केली, तेव्हा त्याने टास्क मॅनेजर उघडले. आठ जीबीऐवजी चारच जीबी रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, दिसली. मग त्याने कॅबिनेट उघडले, बोर्डावरच्या स्टिकरचा सिरियल नंबर वाचला आणि माळ्यावरून मूळ खोका काढून त्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. "मामा, हे तं आपलंच जुनं बोर्ड होय." कीबोर्डच्या जांभळ्या गोल सॉकेटचा जो टवका मुलाच्या हातून उडाला होता, त्याची खूणही जागच्या जागी होती.

घरी काय करता आले असते, ते त्याने नव्या एसएमपीएसवर करून दाखवले. प्लग काढायचा, मदरबोर्डला लावलेली २४ पिनांची जाड वायर सोडवायची, तिच्यातली हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी वायरच्या तुकड्याने जोडायची आणि मगच वीज द्यायची. आपल्याकडच्या साध्या एसएमपीएसचा पंखा तेवढ्याने फिरतो. नाही फिरला, तर बहुधा दोष तिथेच. पंखा फिरला म्हणजे डबा पूर्ण निर्दोष, असे मात्र नाही. मल्टीमीटर असेल तर ही जोड न करताही, नुसती वीज चालू असताना जांभळ्या आणि काळ्या तारेत ५ व्होल्टच्या आसपास दाब दिसायला हवा. डबा स्वतः कधीही उघडू नये, कारण वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज शिल्लक राहते. विजेच्या झटक्याने डबा आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात हे खरे. पण दुसरा चालू एसएमपीएस जोडला की बोर्ड चांगला की जळलेला ते कळते. दुकानात दुरुस्तीवाल्याने नेमके तेच केले असणार, संगणक सुरू झाला असणार, आणि तरीही त्याने बोर्ड मेला म्हणून माझाच बोर्ड मला विकला.

मी खोका घेऊन दुकानात गेलो. तो म्हणाला, "रॅम चारचीच होती, तुमच्याकडे काही लिहून आहे का?" लिहून काहीच नव्हते. बोर्डाबद्दल विचारले तर त्याने चिठ्ठीच ओळखायला नकार दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क लागत नाही. हे मला नंतर कळले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. बोर्डाच्या नंबराचे आणि खोक्याचे फोटो माझ्याकडे आहेत, पण आठ जीबी रॅमचा एकही फोटो नाही, म्हणून तक्रारीत मी फक्त बोर्डाचे पैसे मागितले आहेत.